दोन रिकामी घरं

मुलीने त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मागून कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मग खुर्ची खिडकीकडे घ्यायला सांगितली. तो खुर्चीसकट सरकला आणि टेबलही एका हाताने आपल्याकडे ओढून घेतलं, कारण टेबलावर कागद होते आणि उद्या सकाळी ते टपालात पडायचे होते.

"कागद नंतर. केस पडतील त्यांच्यावर."

"पडू देत."

"मान खाली. आणि बोलू नका बाबा. बोललात की तुमचा कान हलतो."

मुलगी दातांची डॉक्टर होती. माणसाला खुर्चीत बसवून गप्प करणं हा तिचा धंदाच होता आणि ती ते बापावरही चालवायची. एरवी त्याचे केस बायको कापायची. चाळीस वर्षं, महिन्यातून एकदा, याच खिडकीशी. तिला जाऊन सात महिने झाले होते. मध्ये एकदा तो कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत गेला आणि सगळ्या खुर्च्या भरलेल्या आहेत असं स्वतःला सांगून परत आला. एक खुर्ची रिकामी होती. केस कानाखाली उतरले तेव्हा मुलगी म्हणाली, रविवारी येते, तुम्ही नुसते बसा.

टेबलावर एका जुन्या चित्रपटासाठी त्याने केलेलं संगीत कागदांवर लिहिलेलं होतं, सगळं बायकोच्या हातचं. एक प्रकाशनसंस्था ते छापणार होती. छापून झालं की मोठ्या सभागृहात पडद्यावर तो चित्रपट चालणार होता आणि खाली बसून साठ वादक ते संगीत वाजवणार होते. संस्थेच्या संपादिकेने सोळा शंका काढून पाठवल्या होत्या. पंधरांची उत्तरं त्याने दोन दिवसांत लिहिली. सोळावी उरली होती.

'बार ४१ आणि ४२ मध्ये सर्व वाद्यांना विराम आहे. हे हेतुपुरस्सर आहे का?' पुढे दोन चौकोन होते. होय. नाही.

गुरुवारी संपादिकेचा फोन आला तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितलं. काय झालं होतं तेही सांगितलं. असं तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. ती बाई कामाची होती. तिने दुसऱ्याच दिवशी तळटीप टाइप करून मंजुरीसाठी पाठवली: 'हे दोन बार मूळ प्रतीत लेखनिकेच्या गैरसमजामुळे रिकामे राहिले होते. संगीतकाराने आता ते पूर्ण केले आहेत.' सोबत संगीत लिहायचा, कोऱ्या पाच रेघांचा कागद होता. त्यावर दोन बार लिहायचे, तळटिपेखाली सही करायची, की झालं.

शुक्रवारपासून तो त्या कागदासमोर बसला होता. कागदावर नुसतं खोडलेलं होतं.

कात्री त्याच्या मानेवरून वर वर येत होती. मुलीने विचारलं की झोप लागते का. त्याने मान न हलवता लागते म्हणून सांगितलं. जेवण होतं का, तेही होतं म्हणाला. ती म्हणाली, फ्रिज बघितलाय मी.

त्याला संगीत लिहिता येत नव्हतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. म्हणजे आता म्हातारपणी रेघांवर ठिपके मांडता येत, पण पहिलीतल्या मुलासारखे. तिकडे, आपल्या देशात, तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँडमध्ये कुणालाच लिहिता येत नव्हतं. पुढच्याने वाजवलं की मागच्याने उचलायचं. अठ्ठाविसाव्या वर्षी बायकोला घेऊन तो इकडे आला, पाच वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात खोकी बांधली आणि खोकी बांधताना शीळ घालायचा. कारखान्यावर माहितीपट काढायला आलेल्या एका दिग्दर्शकाने ती शीळ ऐकली आणि त्याला सरळ स्टुडिओत नेलं.

स्टुडिओत बारा वादक बसले होते. प्रत्येकापुढे स्टँड होता आणि स्टँडवर काही नव्हतं. त्याने शीळ घालून चाल ऐकवली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. मग पहिल्या व्हायोलिनवाल्याने विचारलं, कागद? तो म्हणाला, पुन्हा एकदा ऐकवतो. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हसलं नाही. फक्त कुणी वाद्य उचललं नाही. ते कागदाची वाट बघत बसले आणि तो शीळ घालत राहिला.

घरी येऊन तो म्हणाला, आपण परत जाऊ. बायको इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात ट्रेसर होती. पातळ कागद वर ठेवून खालचं शाईने गिरवायचं हे तिचं काम. तिने विचारलं, त्यांना नुसता कागदच हवाय ना? खालच्या मजल्यावर एक पियानो सुरात लावून देणारा म्हातारा राहायचा. तीन महिने ती संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसली. परत आली की म्हणायची, अवघड काही नाही हो, पाच मजली इमारत आहे, कोण कुठल्या मजल्यावर आणि किती वेळ थांबतो एवढंच लिहायचंय. बारला, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या चार मात्रांच्या तुकड्याला, ती घर म्हणायची.

तेव्हापासून सव्वीस चित्रपट. टेबलाच्या त्या बाजूला तो, या बाजूला ती. आधी तो सबंध तुकडा एकदा म्हणून दाखवायचा. तेव्हा ती पेन्सिल खाली ठेवून ऐकायची. मग दुसऱ्यांदा सावकाश, आणि तेव्हा लिहायची. वादकांनी कुठे गप्प राहायचं असलं की तो 'थांब' म्हणायचा. दार वाजलं, खोकला आला, चहा उतू जायला लागला, तरीही तो 'थांब'च म्हणायचा. पहिल्या चित्रपटात यावरून फार घोळ झाले. मग तिने विचारायचीच सवय लावून घेतली.

"थांब वादकांना, की मला?"

"तुला गं."

"मग बरं. मला वाटलं सगळ्यांची सुट्टी."

हे दिवसातून दहा वेळा व्हायचं. विचारल्याशिवाय ती एक विराम लिहायची नाही.

एकदा सोडून. चौतीस वर्षांपूर्वी, संध्याकाळचे सहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग होतं. चित्रपटातला प्रसंग असा होता की बऱ्याच वर्षांनी एक माणूस आपल्या घरी परत येतो, जिना चढतो, दारावर थाप मारायला हात वर करतो. त्याने जिन्यासाठी व्हायोलिनं चढवत नेली होती आणि हात वर झाल्यावर त्यांना आणखी वर नेलं होतं, आठ मात्रा, अगदी माथ्यावर. मग खाली क्लॅरिनेट एकटं. पहिल्यांदा त्याने सगळं म्हटलं. ती ऐकत होती. दुसऱ्यांदा म्हणताना चाळिसाव्या घराशी आला आणि आतून मुलगी रडायला लागली. चार वर्षांची होती, कान दुखत होता. तो थांब म्हणाला आणि आत गेला. कानात औषध घालून, तिला थोपटून बाहेर आला तर बायको पेन्सिलीला टोक काढत होती. म्हणाली, झालं तेवढं, पुढे? त्याला वाटलं, तिने मघाचं ऐकलेलं लिहून टाकलं असेल. तिचा कान तसा होता. तो क्लॅरिनेटपासून पुढे सांगायला लागला.

सकाळी स्टुडिओत व्हायोलिनं चढली आणि बंद पडली. सगळी वाद्यं बंद पडली. पडद्यावर त्या माणसाचा हात वर, आणि खोलीत काही नाही. त्याने घाईने कागद ओढून बघितला. एकूण एक वाद्याच्या कागदावर दोन घरांत विरामाची खूण होती, नीट, तिच्या हातची. तेवढ्यात क्लॅरिनेट सुरू झालं. तुकडा संपला तरी बराच वेळ कुणी वाद्य खाली ठेवलं नाही. दिग्दर्शक काचेपलीकडून धावत आला आणि त्याला मिठी मारून म्हणाला, तू हे कसं केलंस?

त्याने कागद गोळा केले. घरी गेल्यावर एवढंच म्हणाला, की जमलं. बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, जमणारच.

त्या दोन घरांनी त्याचं नाव केलं. लोकांनी त्याच्यावर लेख लिहिले. पुढे दोन चित्रपटांत त्याने स्वतःहून तसा विराम घालून बघितला. एका दिग्दर्शकाने विचारलं, इथे टेप तुटली का? मग नाद सोडला. एका संस्थेत त्याचं भाषण ठेवलं होतं, तिथे कुणीतरी विचारलं की साऱ्या वादकांना तिथे गप्प करायचं धाडस कसं झालं. तो म्हणाला, न बोलणं हेही बोलणंच असतं. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बायको पर्सची चेन उघडत होती, लावत होती. घरी येताना म्हणाली, छान बोललात.

तिची चूक होती, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं. एवढ्या नाजूक कामात एकच चूक, आणि तीही लोकांनी डोक्यावर घेतलेली. त्याने ती आपल्याकडे ठेवून घेतली. तिच्यासाठी आपण काय केलं असा विचार करायला तो या सात महिन्यांत बसायचा तेव्हा हातात फार काही लागायचं नाही, पण हे एक लागायचं. चौतीस वर्षं आपण तिला कळू दिलं नाही.

आता मात्र ती नव्हती. आता कळलं तरी दुखणार नव्हतं कुणाला. आणि ती आठ मात्रांची चढण, जी त्याने आयुष्यात एकदाच म्हटली आणि वाद्यावर एकदाही ऐकली नाही, ती साठ वादकांकडून एकदा ऐकावी असं त्याला फार वाटत होतं. त्याला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. पुढच्या खेपेची वाट बघायला वेळ नव्हता. म्हणून त्याने फोनवर नाही म्हणून सांगितलं.

सांगितलं आणि पेन्सिल घेऊन बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ते आठवत नाही. जिना आठवत होता, क्लॅरिनेट आठवत होतं. मधे दोन घरं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ते आत कुठेतरी नीट ठेवलेलं आहे. त्याने दहा चाली बसवून बघितल्या. दहाही आजच्या होत्या. ते ज्या दुसऱ्या माणसाने ऐकलं होतं त्याला विचारायची सोय राहिली नव्हती. आणि टेबलावर ती तळटीप होती. सव्वीस चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बायकोचा उल्लेख नाही. ती म्हणायची, घरातलंच तर काम आहे. आता होणार होता, पहिल्यांदाच, तो गैरसमजाच्या नावाने.

"उजवा कान," मुलगी म्हणाली आणि कान दोन बोटांनी दुमडून धरला.

कानामागचं काम तिला अवघड जात होतं. दाताशी असते तशी ती अगदी जवळ वाकली आणि कामात पूर्ण गुंतली की करायची तसं गुणगुणायला लागली. ती बेसूरच गायची. तिला सूर नाही, हे त्याने तिच्या सातव्या वर्षीच सांगून टाकलं होतं आणि पियानोची शिकवणी बंद केली होती. आताही ती अर्धा सूर खाली होती. पण ती जिना चढत होती. त्याने डोळे मिटले. सदतीस, अडतीस. चाळिसाव्या घराशी ती आली, आणि थांबली नाही. वर गेली, थोडी वळली, आणखी वर, माथ्यावर पोचली, आणि मग खाली उतरून क्लॅरिनेटचं गुणगुणू लागली.

त्याने मान वळवली.

"बाबा! कान गेला असता आत्ता."

"हे काय म्हणालीस?"

"काय?"

"हे. आत्ता. कुठलं आहे?"

ती आठवायला लागली, आपण काय म्हणत होतो ते. मग हसली. "आईचं इस्त्रीचं गाणं."

त्याला समजलं नाही. ती सांगत गेली. आई इस्त्री करताना हे म्हणायची, तुम्ही रेकॉर्डिंगला गेलात की. शर्टाच्या कॉलरला सुरुवात करायची आणि बाही संपली की गाणं संपायचं. मी खाली बसून बटणं मोजायचे.

"मी तिला कधी गाताना ऐकलं नाही."

"तुम्ही घरात असताना कोण गाणार? लगेच दुरुस्त करायला बसायचात." ती हे रागाने बोलली नाही. तिने पुन्हा त्याची मान सरळ केली. "मला तर वाटायचं ते गाणं असंच आहे. मग मोठी झाल्यावर तुमचा सिनेमा बघितला, आईबरोबर. ती जिन्याची जागा आली आणि मधलं गायबच. मी आईला तिथेच विचारलं, हे कुठे गेलं? पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं माझ्याकडे."

"मग?"

"मग काय?"

"आई काय म्हणाली?"

कात्री थांबली होती. मुलगी त्याच्या मागे उभी होती, त्यामुळे त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"म्हणाली, तिथे तुझे बाबा जरा जास्त बोलत होते."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याने टॉवेलखालून हात बाहेर काढला आणि टेबलावरचा बायकोचा कागद जवळ घेतला. दोन्ही घरांच्या वर, पडद्यावर कुठल्या क्षणी काय दिसतं त्या दिग्दर्शकाच्या यादीवरून उतरवून घेतलेले दोन शब्द होते, बारीक अक्षरात, पेन्सिलने. हात वर. ते त्याने हजारदा बघितले होते.

"तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं," मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघांनी मिळूनच केलं असेल."

"पुन्हा म्हण."

"काय, आई काय म्हणाली ते?"

"नाही. गाणं."

ती लाजली. चाळिशीला आलेली बाई, रोज परक्या माणसांच्या तोंडात हात घालणारी, पण बापासमोर गायला लाजली. मग तिने म्हटलं, मघापेक्षाही बेसूर. त्याने दुरुस्त केलं नाही. या वेळी त्याला चढण आधीच ठाऊक होती, म्हणून तो ती नुसती ऐकू शकला, दुसऱ्या कुणाची असावी तशी. गोड होती. त्या काळी त्याला जे जे येत होतं ते सगळं तिच्यात होतं. पडद्यावरचा तो माणूस दाराशी हात उचलून उभा होता आणि ही चढण त्याच्या कानाशी आठ मात्रा अखंड बोलत होती, घरात कोण असेल, काय म्हणेल, सगळं आधीच सांगून टाकत होती.

"लिहून घेणार?" मुलीने विचारलं आणि त्याच्या खांद्यावरून वाकून टेबलाकडे बघितलं. कोरा कागद तिला दिसला आणि त्याच्या शेजारची टाइप केलेली ओळही दिसली. तिने ती मनात वाचली. मग मोठ्याने वाचली. "लेखनिकेच्या गैरसमजामुळे. लेखनिका म्हणजे आई?"

"हो."

"हे कुणी लिहिलं?"

"त्यांनी." मग तो म्हणाला, "मी सांगितलं तसं."

ती टॉवेल सोडून टाकून निघून जाईल असं त्याला वाटलं. ती गेली नाही. तिने त्याच्या खांद्यावरचे केस हाताने झटकले, एकदा, दोनदा, केस नव्हते तिथेही झटकले.

"पेन घे," तो म्हणाला. "माझं अक्षर त्यांना लागत नाही. ते खोड आधी. सगळं."

तिने खोडलं, जरा जास्तच जोर लावून. कागद फाटला नाही एवढंच. होय की नाही ते तिने विचारलं. त्याने चौकोनावर बोट ठेवलं आणि तिने होयवर खूण केली.

"आता खाली लिही. बार एक्केचाळीस आणि बेचाळीस."

"हं."

"या दोन बारांमधलं संगीत लेखनिकेने नीट ऐकलं होतं."

तिने लिहिलं आणि पुढच्या शब्दासाठी पेन धरून राहिली. मग तिने विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही."

"एवढ्याने कुणाला काय कळणार बाबा?"

त्याने त्यावर विचार केला. मग म्हणाला, "नीट हा शब्द घातलास ना?"

"घातला."

"मग दे इकडे."

त्याने सही केली. मुलीने कागद उचलून लांब कपाटावर ठेवला, हात पुसले, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून डावीकडे वळवलं. ती बाजू अजून राहिली होती.